गड्ड्याभोवतीची जाळी

धाकटीचा डावा डोळा वर्षभरापासून काम देत नव्हता, ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. तिला आणि मला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले आणि आम्ही दोघी उरलो, एकाच रोपवाटिकेत कामाला, आणि तिथल्याच आवारातल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहायला. मधली भिंत अशी पातळ की तिकडे तिला ठसका लागला तर इकडे माझा हात पाण्याच्या तांब्याकडे जायचा. सगळी रोपवाटिका आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. खरी नावं फक्त हजेरीच्या वहीत होती.

खोली कामाबरोबर मिळालेली. काम सुटलं की खोली सुटली, आणि खोलीत कामगाराशिवाय दुसऱ्या कोणी राहायचं नाही, असा नियम दारामागेच चिकटवलेला होता. धाकटीला मूलबाळ नाही. एक भाऊ आहे, पण घर भावजयीचं. "तिच्या दारात उभं राहण्यापेक्षा उन्हात उभं राहिलेलं बरं," असं धाकटी म्हणायची. म्हणून डोळ्याची गोष्ट आम्ही दोघींनी गिळून टाकली होती.

तिचं काम पाणी घालायचं, माझं रोपं कुंडीत बसवायचं. पाणी घालण्यात काय मोठंसं, पाइप धरला की झालं, असं कोणालाही वाटेल. पण काचघरात हजारो कुंड्या असतात आणि प्रत्येकीची तहान निराळी. बाकीच्या बायका मातीचा रंग बघून पाणी घालत. धाकटीला रंग नीट कळेनासा झाला तेव्हापासून ती कानाने पाणी घालू लागली. कोरड्या मातीवर पाणी पडलं की आधी चरचर होते. माती प्यायला लागली की आवाज जाड होतो. तळाच्या भोकातून पाणी उतरून खालच्या पत्र्यावर टपटप ऐकू आली की ती पुढच्या कुंडीकडे सरकायची. या हिशेबाने वर्षभरात तिच्या हातून एक रोप मेलं नव्हतं. तिच्या रांगेत कोणी गप्पा मारत आलं की ती खेकसायची, "जा गं बायांनो, बाजार भरवू नका इथं." लोकांना वाटायचं, धाकटी तुसडी आहे. कान मोकळे ठेवण्यासाठी ती तुसडी झाली होती.

त्या वर्षी एका कंपनीची मागणी आली. त्यांच्या समारंभात पाहुण्यांना भेट द्यायला चार हजार छोट्या कुंड्या, प्रत्येकीत एकेक सक्युलंट. जाड मांसल पानांचं, गुलाबाच्या फुलासारखं गोल उमललेलं ते झाड. आम्ही बायका त्याला कोबी म्हणायचो. आमचा सुपरवायझर चिडायचा.

"कोबी म्हणू नका हो. पाहुण्यांनी ऐकलं तर चिरून फोडणी देतील."

या सुपरवायझरचं नाव आम्ही सुई ठेवलं होतं. त्याच्याकडे ओल मोजायचं एक यंत्र होतं, वर काटा आणि खाली लांब टोकदार दांडी. दिसेल त्या कुंडीत तो ती दांडी खुपसायचा. माणूस वाईट नव्हता. पण मातीला हात लावण्याआधी यंत्राला विचारायचा.

चार हजार रोपं तयार करायला वेळ नव्हता, म्हणून ती बाहेरून मागवली. खोक्यांतून आली. प्रत्येक रोपाची मुळं अंगठ्याएवढ्या नारळाच्या भुश्याच्या गड्ड्यात, आणि गड्ड्याभोवती पातळ पांढऱ्या जाळीचं कापड गुंडाळलेलं. त्या जाळीला आम्ही लंगोट म्हणायचो. आणि लंगोट काढायचा नाही, तसंच रोप कुंडीत बसवायचं, हा नियम माझा होता.

तो उगाच केलेला नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी फुलझाडांची अशीच रोपं आली होती. तेव्हा आम्ही जाळ्या ओढून काढल्या, त्यांच्याबरोबर केसासारखी मुळं तुटली आणि निम्मी रोपं आठवड्यात माना टाकून मेली. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगायची, "लंगोट सोडायचा नाही. तो आपोआप मातीत विरतो." त्या वेळची जाळी विरायची, हे खरं होतं. ही जाळी कशाची आहे हे मी बघितलं नाही. बावीस वर्षं एकच काम केलं की माणूस हातातल्या वस्तूकडे बघायचं सोडतो.

आम्ही चार हजार कुंड्या भरल्या. वरून पांढरे खडे पसरले. देखण्या दिसत होत्या.

पाचव्या आठवड्यात धाकटी माझ्या टेबलाशी आली. हातात एक कुंडी.

"ताई, याचं पान दाबून बघा."

खालच्या पानांवर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. दाबलं तर पान मऊ लागलं, धुऊन वाळत घातलेल्या रबरी हातमोज्याच्या बोटासारखं.

"एकाचंच?"

"सगळ्यांचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत." तिने आवाज खाली आणला. "पाणी पोटात जात नाहीये, ताई. घातलं की लगेच टपटप. आवाज जाड होतच नाही. अंगावरून वाहून जातंय."

मी कुंडी तळहातावर तोलली. जड होती. वरचे खडे सारून बोट खुपसलं, माती थंड आणि ओली लागली.

"जड आहे की गं. पाणी आहे आत. उचलून बघ."

"उचलली. जड आहे. तरीपण सांगते."

"मग कान तपासून घे आता," मी म्हणाले आणि हसले. थट्टाच होती. ती हसली नाही, कुंडी घेऊन गेली. चार दिवसांनी परत आली, तेच म्हणाली. मी हातातलं काम दाखवलं आणि तिला वाटेला लावलं.

मग सुईने बघितलं. पानं आता नुसती मऊ नव्हती, आक्रसली होती, काही खालून वाळायला लागली होती. त्याने एकेका कुंडीत दांडी खुपसायला सुरुवात केली.

"ओली. ही ओली. ही पण ओली. मावशी, पंधरा कुंड्या बघितल्या, सगळ्या ओल्या. आणि पानं सुकलेली. म्हणजे काय?"

म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं. अशा झाडाचं पान दोन कारणांनी सुरकुततं. एक तर पाणी मिळत नाही. नाहीतर पाणी इतकं झालेलं असतं की मुळं कुजून जातात, आणि मग ओल्यात उभं राहूनही झाड तहानेने मरतं. माती कोरडी असेल तर पहिलं, ओली असेल तर दुसरं. सरळ होतं.

"एक उपटून बघते," मी म्हणाले.

कुंडी पालथी करून माती अलगद सोडली. पाच आठवडे झाल्यावर त्या मातीत पांढऱ्या मुळांचं जाळं दिसायला हवं होतं. एक धागासुद्धा नव्हता. नुसती ओली माती, आणि मध्ये तो अंगठ्याएवढा गड्डा. गड्डा मी फोडला नाही. मुळं बाहेर नाहीत म्हणजे कुजून गेली, असं माझं डोकं म्हणालं, आणि तेच मी तोंडाने म्हणाले.

"मुळं राहिली नाहीत. पाणी जास्त झालंय."

एक गोष्ट तेव्हाच माझ्या बोटांना कळत होती. कुजलेल्या झाडाचं पान पिवळं, पाणीदार होतं आणि नुसता धक्का लागला तरी गळतं. त्याला वासही मारतो. ही पानं घट्ट धरून होती, आणि वास नव्हता. पण यंत्र ओल म्हणत होतं, माझा तळहात ओल म्हणत होता, आणि सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. बोटांचं मी ऐकलं नाही.

त्याने धाकटीला बोलावलं.

"धाकट्या मावशी, पाणी किती घालता तुम्ही?"

"लागेल तेवढं."

"लागेल तेवढं म्हणजे? मोजता कसं?"

कानाने मोजते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की डोळ्यांना काय झालं. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे उजवा डोळा माझ्याकडे वळवला. मी नजर मातीत घातली.

"अंदाजाने," ती म्हणाली.

"अंदाजाने चार हजार झाडं बुडवलीत," सुई म्हणाला. ओरडला नाही. त्याने पाणी पूर्ण बंद करायला सांगितलं. माती सुकली की उरलीसुरली मुळं सावरतील, असा त्याचा विचार होता, आणि मी त्याला मान डोलावली.

दहा दिवस पाणी बंद होतं. धाकटीला झाडू हातात दिला होता. ती त्या रांगांमधून झाडत जायची आणि मध्येच थांबून एखाद्या पानावर बोट ठेवायची. संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हणायची, "मारताय तुम्ही त्यांना. उपाशी माणसाला जुलाबाचं औषध देताय." मी म्हणायची, "झोप आता." झोपायची वेळ झालेली नसायची.

अकराव्या दिवशी सुईने मला त्याच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता. मालकीणबाईंनी लेखी कारण मागितलं होतं. समारंभ अठरा दिवसांवर आला होता.

"लिहावं लागणार, मावशी. पाणी जास्त घातलं गेलं, कामगाराचा हलगर्जीपणा. हलगर्जीपणा लिहिलं की त्या गेल्या, हे मला माहीत आहे. पण काय लिहू दुसरं?"

त्या क्षणी मला जे सुचलं ते चांगल्यासाठी सुचलं. हलगर्जी हा शब्द मला लागला. धाकटीने आयुष्यात कधी कामात हलगर्जी केली नव्हती. वाटलं, खरं कारण सांगितलं तर हा माणूस विरघळेल. दया करेल. दुसरं हलकं काम देईल, बसून करण्यासारखं. बावीस वर्षांचा माझा शब्द आहे, तो खर्च करावा.

"साहेब, हलगर्जी नका लिहू," मी म्हणाले. "तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही. म्हणून पडलं असेल पाणी जास्त. तिचा दोष नाही त्यात. तिला माझ्या टेबलावर द्या, मी सांभाळून घेते."

त्याने पेन खाली ठेवलं.

"काय म्हणालात?"

मी परत म्हणाले. पहिल्यापेक्षा हळू.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"वर्षभर एका डोळ्याची बाई ओल्या फरशीवर पाइप ओढत फिरतेय? पंखे चालू असतात तिथे. औषधाची फवारणी होते. विजेच्या तारा जमिनीवर असतात." तो खुर्चीत मागे टेकला. "मावशी, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला कळलंय."

दुसऱ्या दिवशी धाकटीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाला, डावा गेलेलाच आहे, आणि आता उशीर झालाय. तिसऱ्या दिवशी तिला कागद मिळाला. आठ दिवसांनी काम बंद, खोली रिकामी करायची.

मला वाटलं होतं ती भांडेल. तिने भिंतीवर दोनदा हात मारला, आम्ही एकमेकींना बोलवायला मारायचो तसा. मी गेले. ती कपडे घडी करत होती.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"तुला वाचवायला सांगितलं गं."

"वाचवलंत." तिने एक पातळ घडी घालून ठेवलं, दुसरं उचललं. "पाणी जास्त घातलं असं लिहिलं असतं ना, तर मी भांडले असते. खोटं होतं ते. डोळ्याशी कशी भांडू? तो खरंच गेलाय."

मी दारात उभी राहिले. ती आत या म्हणाली नाही.

पुढच्या सकाळी सुईने मला शेवटचा उपाय करायला सांगितला. मुळं कुजलेल्या अशा झाडाला वाचवायची एकच रीत असते. धारदार पातं घ्यायचं, पानांच्या खाली खोड कापून मुंडकं वेगळं करायचं, कुजकं फेकायचं आणि मुंडकं चार दिवस सुकवून कोरड्या वाळूत परत रुजवायचं. समारंभाला ती पोचली नसतीच, पण झाडं तरी वाचली असती. पातं स्पिरिटने पुसून मी पहिलं रोप कापलं.

कापलेलं खोड आतून स्वच्छ होतं. हिरवट पांढरं, काकडीच्या कापासारखं. कुजलेल्या खोडात तपकिरी कडं दिसतं. इथे काही नव्हतं. म्हटलं, कूज खाली असेल. आणखी खाली कापलं. स्वच्छ. तिसरा काप थेट गड्ड्यात गेला आणि पात्याखालून भुसा उडाला. कोरडा. फुंकर मारली तर टेबलावर पसरला.

मी जाळी चिरली. चिरली म्हणजे पात्याने कापावी लागली, इतकी ती चिवट होती. पावणेदोन महिने ओल्या मातीत राहून तिचा एक दोरा विरला नव्हता. आत सगळी मुळं होती. जिवंत, पिवळसर, एकमेकांत गुरफटून गोल गोल फिरलेली, बाहेर पडायला वाट शोधणारी. खोक्यात एकदा पूर्ण सुकलेला नारळाचा भुसा पाणी धरत नाही, झिडकारतो. धाकटी पाणी घालायची ते गड्ड्याच्या अंगावरून बाहेरच्या मातीत जायचं आणि तिथून खाली. बाहेर चिखल, आत धूळ. सुईची दांडी बाहेरच्या मातीत जात होती. माझं बोटही.

मी आणखी सहा कुंड्या फोडल्या. मग थांबले. सहाही तशाच होत्या, आणि सातवी फोडून काही बदलणार नव्हतं.

एक रोप मी जाळी काढून पाण्याच्या तसराळ्यात ठेवलं. गड्ड्यातून बुडबुडे यायला लागले. अर्ध्या तासाने ते थांबले. रोप उचललं तेव्हा गड्डा पहिल्यांदा जड लागला. ते तसंच हातात घेऊन मी सुईच्या खोलीत गेले. टेबलावर पाणी सांडलं तरी त्याने काही म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं. जाळी ठेवायचा नियम माझा, हेही सांगितलं.

"म्हणजे पाणी जास्त नव्हतं."

"पाणी पोचतच नव्हतं. धाकटी दोनदा म्हणाली होती मला. मी ऐकलं नाही."

"वाचतील?"

"जाळी काढून भिजवली तर चार दिवसांत पानं भरतील. खालची वाळलेली काढून टाकावी लागतील. पण साहेब, तिचा कागद मागे घ्या. चूक माझी आहे. मला काढा."

त्याने रोप माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.

"तुम्हाला काढलं तर चार हजार कुंड्या कोण सोडवणार? दोन आठवडे आहेत हातात." त्याने मालकीणबाईंसाठी लिहिलेला कागद फाडला. "हलगर्जीपणा मी खोडतो. पुरवठादाराची जाळी सदोष होती, असं लिहितो. कोणाचाच दोष नाही."

"आणि तिचं काम?"

"त्यांना पाण्यासाठी काढलंच नव्हतं, मावशी. डॉक्टरचा कागद फायलीत आहे. तो कसा फाडू? उद्या त्या पडल्या तर मालकीणबाई मला विचारतील, तुला माहीत होतं ना?"

मी म्हणाले, टेबलावर बसून काम करेल, पडेल कशाला. तो म्हणाला, नियम सगळ्या कामांना एकच आहे. मी म्हणाले, मग माझ्या खोलीत राहू दे. तो म्हणाला, दारामागचा कागद वाचा. मी आणखी काही बोलले, ते काय होतं मला आठवत नाही. शेवटी तो म्हणाला, "आठवडाभर आहेत अजून. त्या दिवसांत पाहिजे तर टेबलावर घ्या त्यांना. तेवढं मी न बघितल्यासारखं करतो."

मी धाकटीला सांगायला गेले. वाटलं, निदान पाण्याचा डाग पुसला गेला हे ऐकून तिला बरं वाटेल. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाळी काढायला किती हात आहेत?"

"पाच. तू धरून सहा."

"चला मग."

सहा दिवस ती माझ्या शेजारी बसली. जाळी चिरणं हे बोटांचं काम आहे. पातं एक कणभर आत गेलं तर मुळं कापतात, कणभर बाहेर राहिलं तर जाळी सुटत नाही. बाकीच्या बायका रोप नाकाशी धरून कापत होत्या आणि तरी निम्म्यांची मुळं दुखावत होत्या. धाकटी वर बघत, तोंडाने काही पुटपुटत, नुसत्या अंगठ्याने शिवण शोधायची आणि एका ओढीत लंगोट हातात. आम्ही दोन करीपर्यंत तिचे पाच. टेबलावर पांढऱ्या चिंध्यांचा ढीग झाला.

एक नवी बाई तिला म्हणाली, "मावशी, तुम्हाला तर बघावंसुद्धा लागत नाही!"

"हो ना," धाकटी म्हणाली. "म्हणूनच घरी पाठवतायत. कामात फार हुशार झाले."

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. धाकटी माझ्याकडे वळली नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

"दोनदा सांगितलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल असं. "पोटात जात नाही म्हणून."

"सांगितलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, कुंडी उचल."

"म्हणाले."

"उचलली. आता बोचकं उचलते."

मी रोप तसराळ्यात सोडलं.

"भावाला कळवलंस?"

"कळवलं. भावजय म्हणाली, या, पण स्वयंपाकघरात लुडबुड नको." तिने जाळी ओढली, रोप माझ्याकडे सरकवलं. "मी म्हटलं, मला कुठे दिसतंय लुडबुड करायला."

तिसऱ्या दिवसापासून पहिली पानं भरायला लागली. आधी मधली, मग कडेची. सुरकुत्या हळूहळू ताणल्या जातात, रात्रीत काही होत नाही. सकाळी दाबलं की कालच्यापेक्षा किंचित घट्ट. अगदी खालची पानं परत भरत नाहीत. ती कागदासारखी होतात आणि चिमटीने काढावी लागतात. धाकटीने तीही काढली. शेवटच्या दिवशी मालकीणबाई स्वतः आल्या. रांगेतून फिरल्या. एक पान दाबलं, सुईला काहीतरी म्हणाल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुमच्यामुळे वाचली झाडं. कोणाच्या लक्षात आलं नसतं."

धाकटी हातभर अंतरावर वाळलेली पानं गोळा करत होती. मी बोलायला तोंड उघडलं. जाळीचं, नियमाचं, सगळं सांगणार होते. सुई मागून म्हणाला, "थोरल्या मावशींचा हात आहे तो, बाई," आणि त्या पुढे गेल्यासुद्धा. त्यांच्यामागे धावले असते तर पोचले असते. जागची हलले नाही. माझीही खोली कामाबरोबरच मिळालेली होती.

धाकटीने पानं टोपलीत टाकली आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. तिचं सामान म्हणजे एक पेटी, दोन बोचकी आणि एक घडीची खुर्ची, जी तिने मला ठेवा म्हटलं आणि मग स्वतःच उचलून गाडीत ठेवली. मी पेटी धरली. फाटकापाशी तीन पायऱ्या आहेत, मधली तुटकी. तिथे मी तिच्या कोपराला हात लावला.

"सोडा, ताई. दिसतंय मला."

तिने पायाने पायरी चाचपली, मधली ओलांडली, पुन्हा चाचपली. ड्रायव्हरने पुढचं दार उघडलं होतं, पण ती मागे बसली, खिडकीपाशी. तिची डावी बाजू माझ्याकडे होती. मुद्दाम तशी बसली की जागा तीच होती, कोण जाणे. गाडी वळेपर्यंत मी हात वर धरून उभी होते. मग नव्या पाणीवालीला कामाला लावायचं होतं, म्हणून आत गेले. तिने पाइप धरला होता आणि ती माती बघून पाणी घालत होती. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "बघू नकोस. ऐक आधी."

"काय ऐकू?" ती म्हणाली.

मी पाइप हातात घेतला आणि पाणी सोडलं. नीट कान दिला. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.